शेपटीकडचं दार

मी एक जुनं विमान आहे. बीबी गावाच्या बाहेर, मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, सोयाबीनच्या रानाकडे नाक करून मी उभा आहे. मित्रांनो, एसटीतून जाताना तुम्ही मला पाहिलं असेल. खिडकीतून हातही केला असेल. माझी हकिगत आज तुम्हाला सांगतो, कारण मोठी माणसं माझ्यात येतात, जेवतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांना माझं काही ऐकू येत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या जातीचं पहिलं विमान तयार झालं तेव्हा त्याची एक परीक्षा झाली होती. आत साधी माणसं बसवली, काही म्हातारी, काही जाडजूड. मग अंधार केला, अर्धी दारं मुद्दाम बंद ठेवली आणि सांगितलं, निघा बाहेर. दीड मिनिटाच्या आत शेवटच्या माणसाचे पाय जमिनीला लागले पाहिजेत, अशी अट होती. ते जमलं, तेव्हाच आम्हाला माणसं घेऊन उडायची परवानगी मिळाली. म्हणून मला पुढे दोन दारं दिली, शेपटीकडे दोन दिली आणि पंखांवर उघडणाऱ्या खिडक्या दिल्या. पंख सगळ्यांच्या डोळ्यात भरतात. दारांकडे कोण बघतं?

पुष्कळ वर्षं मी उडलो. नागपूर, मुंबई, कोची, कोलकाता. पहिल्यांदा विमानात बसलेली माणसं खाली उतरताना माझ्या पत्र्याला हळूच हात लावून जायची. ते मला फार आवडायचं. पुढे कंपनीने माझ्या पोटात रांगा वाढवल्या. खुर्च्या पुढे सरकवल्या, पाठी पातळ केल्या, तिकीट थोडं स्वस्त झालं. लोकही खूश झाले. पण मांडीवर बाळ घेतलेल्या आईला उठायचं म्हटलं की बाळाचं डोकं समोरच्या पाठीला लागायचं. ती तिथे तळहात धरून ठेवायची, पूर्ण प्रवासभर. दारं कुठे आहेत हे हवाईसुंदरी हात करून दाखवायची, तेव्हा ती आई एकटीच मान वळवून मागे बघायची. बाकीचे फोनमध्ये.

मग नवीन विमानं आली. कमी तेल पिणारी, मोठ्या इंजिनांची. इंजिनं मोठी म्हणून ती पुढे सरकवावी लागली, आणि म्हणून वेळप्रसंगी विमानांचं नाक वर जायला बघायचं. त्यावर उपाय म्हणून त्यांच्यात आपोआप चालणारा एक यंत्राचा हात बसवला होता. नाक वर जातंय असं वाटलं की तो ते खाली दाबायचा. त्याला ते कशावरून वाटायचं? नाकाजवळच्या एका छोट्या पात्याने सांगितलं की वाटायचं. ते पातं बिघडलं तर खोटं सांगायचं, आणि हाताला ते खरंच वाटायचं. यंत्राला शंका येत नाही, मित्रांनो. वैमानिकांना या हाताबद्दल धड सांगितलंही नव्हतं. शिकवायला वेळ लागतो, वेळेला पैसा लागतो. माझ्या शेजारी रात्री उभं राहणारं एक नवं विमान एकदा सकाळी गेलं ते परत आलं नाही. आतले वैमानिक नाक वर ओढत होते आणि हात खाली दाबत होता. शेवटी हात जिंकला. त्यानंतर चौकशा झाल्या, सुधारणा झाल्या, नवीन विमानं पुन्हा उडू लागली. मला मात्र निवृत्त केलं. मी बिघडलो नव्हतो. मी महाग झालो होतो.

माझी इंजिनं काढली, चाकं काढली, पंख कापले आणि मला भंगारात उभं केलं. तिथून मला भगवंतरावांनी विकत घेतलं.

भगवंतरावांचं या रस्त्यावर जेवणाचं हॉटेल होतं. समृद्धी महामार्ग झाला आणि इथली गर्दी ओसरली. गाड्या थांबाव्यात म्हणून त्यांनी मला आणलं. लांबलचक ट्रेलरवर मी आलो तेव्हा अख्खं बीबी रस्त्यावर होतं. मंजुळाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या नाकाला हळद-कुंकू लावलं आणि नारळ फोडला. उडत होतो तेव्हा माझी कोणी पूजा केली नव्हती. मला वाटलं, चला, म्हातारपण बरं जाणार.

आतली मांडणी त्यांच्या मुलाने, हरिओमने, केली. टेबलं मांडली. मग अजून एक टेबल बसतं म्हणून अजून एक मांडलं, असं करत मधली वाट एका माणसाची राहिली. तीही अंग आडवं करून जाणाऱ्या माणसाची. स्वयंपाकघर शेपटीत गेलं. तिथल्या एका दारासमोर मोठा फ्रीज उभा केला आणि दुसऱ्यावर पत्रा वेल्ड करून टाकला, कारण एसीची हवा जात होती. कापलेल्या पंखांच्या जागच्या खिडक्या लहान मुलं ओढायची म्हणून स्क्रू मारून बंद केल्या. पुढचं एक दार काउंटरच्या मागे गेलं. राहिलं एक. तिथे हरिओमने काचेचं सरकतं दार बसवलं, माणूस दिसला की आपोआप उघडणारं. त्याचं गावात फार कौतुक झालं. धाडच्या बाजारातून येणारी जीपवाली पोरंसुद्धा ते दार बघायला थांबायची. एकदा आत, एकदा बाहेर. भारी मजा.

हरिओमची बायको डिंपल काउंटरवर बसायची. मेहकरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. त्यांची चार वर्षांची ओजू मात्र कधी आईजवळ टिकायची नाही. ती सारखी शेपटीत, मेहबूबचाचांजवळ. चाचा इथले जुने आचारी. ते तिला बटाट्याचा एक काप मीठ लावून द्यायचे आणि ती तिथेच पिंपावर बसून खायची.

डिंपल पैसे घेता घेता मागे बघत राहायची. पुन्हा पुन्हा. एके दिवशी तिचं लक्ष माझ्या जुन्या लाल पाटीकडे गेलं. बाहेर पडायचा रस्ता दाखवणारा बाण होता तो, आणि तो सरळ फ्रीजकडे दाखवत होता. तेव्हापासून तिचं जेवणातलं लक्ष उडालं. नवऱ्याला म्हणाली, मागचं एक दार तरी मोकळं करा. हरिओम हसला.

"अवं, हे उडूनच नाई राह्यलं, त पडीन कुठून? काऊन उगाच भेव लावून राह्यली?"

तिने धुराच्या भोंग्याचं विचारलं. तो छताला होता, पण प्रत्येक फोडणीला बोंबलायचा म्हणून त्याच्यातला सेल काढून ठेवला होता. सासरे म्हणाले, सूनबाईला बैलगाडीत बसवलं तरी ती आधी उतरायची जागा बघेल. टेबलावरची माणसंही हसली. डिंपलही हसली, थोडंसं, हसावं लागतं म्हणून.

आणि मग ती दुपार आली. सगळी टेबलं भरलेली. लाइट गेली. एसी थांबला, अंधारलं, आणि काचेचं दार जसं बंद होतं तसंच राहिलं. बाहेर हरिओम एका कुटुंबाचा माझ्या नाकाजवळ फोटो काढत होता. आत, शेपटीत, अंधारात कढई कलंडली असावी. तेलाने पेट घेतला. ज्वाळ मोठी नव्हती. धूर मोठा होता. तो छताला चिकटून पुढे येऊ लागला आणि माणसं उठली, सगळी एकदम, पुढच्या दाराकडे. काचेवर थापा पडू लागल्या. दाराला माणसं दिसत होती की नाही कोण जाणे. त्याला वीज नव्हती.

सगळे पुढे धावत होते आणि डिंपल एकटी मागे. वाट होतीच कुठे? ती टेबलावर चढली, ताटं पायाखाली गेली, कोणीतरी तिला शिवी दिली. ओजूचा खोकला मला ऐकू येत होता. मी काय करू शकत होतो, मित्रांनो? माझी दारं मला उघडता येत नाहीत. ती नेहमी माणसंच उघडतात.

ती पोहोचली तेव्हा मेहबूबचाचांनी गॅस बंद केला होता आणि कढईवर ओलं पोतं टाकलं होतं. त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी ओजूला पोटाशी धरलं होतं, तिच्या तोंडावर ओला रुमाल होता, आणि ते पत्रा मारलेल्या दारावर लाथा मारत होते.

"बेटा, लई मारल्या," ते म्हणाले. "हाललं बी नाई."

तेवढ्यात हरिओमने जनरेटर चालू केला. काचेचं दार उघडलं, अगदी अलगद, काही झालंच नाही असं.

कोणी मेलं नाही. म्हणून ती गंमत झाली. संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ रोहिणखेडपर्यंत पोहोचला होता. भगवंतरावांनी दुसऱ्या दिवशी माझ्या नाकावर पुन्हा नारळ फोडला आणि सांगितलं की दाराला आता इन्व्हर्टर बसवतो, लाइट गेली तरी दार उघडेल. डिंपल सासऱ्यांसमोर फारसं बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"मामाजी, इन्व्हर्टर लावा. पण आग पुढं लागली त माणसं कुठून जातीन? मागचं दार उघडा."

"अन् फ्रीज कुठं ठिवू? तुह्या माहेरी?"

मग तिने स्वतःच अकरम वेल्डरला बोलावलं. फ्रीज नको हलवू, दुसऱ्या दाराचा पत्रा तेवढा काढ, म्हणाली. अकरमने पत्र्यावर बोटं वाजवून पाहिली.

"भाभी, अर्ध्या घंट्याचं काम हाय. पण मालकाच्या तोंडातून आलं पाह्यजे."

भगवंतराव आले. रागावले नाहीत. अकरमला चहा दिला, घरच्यांची चौकशी केली. मग आलाच आहेस तर इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचा स्टँड लावून टाक, म्हणाले.

"कुठं लावू?"

"इथंच. हेच एक जागा मोकळी हाय."

अकरमने एकदा डिंपलकडे पाहिलं. ती ओजूला कडेवर घेऊन उभी होती. तिने पदर ओजूच्या डोळ्यांवर धरला, ठिणग्या दिसू नयेत म्हणून. लोखंडी स्टँड दारावर आडवा बसला. बॅटऱ्या चढल्या.

आता लाइट गेली तरी काचेचं दार उघडतं. भगवंतराव ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतात. मेहबूबचाचा पट्टी बांधलेल्या हाताने पुन्हा शेपटीत उभे असतात. दुसरीकडे या वयात कोण कामाला ठेवणार, असं म्हणतात. डिंपल ओजूला काउंटरवर ओढणीने खुर्चीला बांधून बसवते. ओजू रडते, गाठ सोडवते आणि मागे पळते. डिंपलला उठता येत नाही, समोर गिऱ्हाईक असतं. काही दिवसांपासून तिने मागच्या दाराचा विषय काढणंही सोडलं आहे.

मित्रांनो, रविवारी तुमच्यापैकी कोणाचा तरी वाढदिवस माझ्यात असतो. फुगे लागतात, वाटेत अजून खुर्च्या येतात. तुम्ही आत याल तेव्हा फोटोच्या आधी मोठ्याने विचारा, दुसरं दार कुठे आहे. लोक हसतील. दार उघडून दाखवा म्हणा. दाखवलं नाही, तर हट्ट करा, रडा, पाय आपटा आणि केक बाहेर कडुलिंबाखाली कापा. कुठलीही गोष्ट आपोआप चालते असं कोणी सांगितलं, तर ती बंद पडल्यावर काय करायचं ते आधी विचारा. शाळेत विचारा, दवाखान्यात विचारा, सिनेमाला गेलात तरी विचारा.

माझं आता काही होणार नाही. शेपटीकडच्या दारावर बॅटऱ्यांचं ओझं घेऊन मी उभा आहे. दुपारची गिऱ्हाइकं येऊ लागली आहेत, डिंपल सुट्टे पैसे देते आहे, आणि ओजू गाठ सोडवून मागे गेली आहे.