स्लॅबखालची झोप

सास्तूर गावात बब्रुवानांना आडनावानं कुणी ओळखत नाही. पोरंसोरं त्यांना ‘अंगणकर’ म्हणतात, आणि त्यात खोटं काहीच नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्या गावात पक्क्या स्लॅबचं घर मिळालं. पण हा माणूस तीस वर्षांत त्या स्लॅबखाली एक रात्र झोपला नाही. एरवी अंगणात, पावसाळ्यात बाजूच्या उघड्या पत्र्याच्या शेडात. गंमत अशी की भूकंपाच्या पहाटे ते घरात नव्हतेच, मळ्यात राखणीला होते. जुन्या घराच्या धाब्याखाली, दगडमातीच्या छताखाली सापडल्या त्या त्यांच्या बायको, सत्यभामाबाई. दगड उपसून त्यांना बाहेर काढेपर्यंत दुपार झाली. त्या ठणठणीत, आणि घाबरलं कोण, तर हे. गावाला हसायला एवढं पुरे होतं.

सत्यभामाबाई कधी हसल्या नाहीत. नवऱ्याशेजारी आपली खाट टाकून त्या निमूट झोपत आल्या. काय सोसते बाई, असं आयाबाया म्हणत. ते कानावर पडलं की बब्रुवान ओशाळे होत.

पण गोष्ट आता हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. लागोपाठ दोन हिवाळे सत्यभामाबाईंना न्यूमोनिया झाला. तिसऱ्यांदा झाला तर निभावणं अवघड, थंडीत बाहेर झोपणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. बब्रुवानांनी त्यांना आत झोपायची विनवणी केली, हात जोडले, एकदा आवाजही चढवला. “तुमी आत आल्याबिगर म्या न्हाय जात,” एवढंच उत्तर मिळालं. म्हणजे आता आपली भीती बायकोचा जीव घेणार. मग ते आत गेले, खरंच गेले. पण पाठ टेकली की छाती धडधडायची, नजर स्लॅबच्या कडांवरून फिरायची, घामानं बंडी भिजायची. थोड्या वेळानं खाली मान घालून ते बाहेर यायचे, आणि त्यांच्या मागोमाग सत्यभामाबाईही.

दिवाळीला सोलापूरहून नात आली. सृष्टी तिचं नाव, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. मागच्या खेपेला काढलेला आजोबांचा ईसीजी आपल्या सरांना दाखवून तिनं एक यंत्र मागून आणलं होतं. मुठीत मावेल एवढी डबी, तिला वायर आणि टोकाला चिमटा. चिमटा डाव्या कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याला लावायचा. मेंदूतून निघालेली व्हेगस नावाची नस गळ्यातून काळजापर्यंत आणि पुढं पोटात उतरते, तिचा एक फाटा कानाच्या कातडीत येतो. तिथं बारीकसा करंट दिला की उधळलेल्या काळजाला लगाम बसू शकतो, असं तिनं समजावलं. सुई नाही, कापाकापी नाही. म्हाताऱ्या माणसांवर याचा अभ्यास अजून चालूच आहे, गुण येईलच असं नाही, हेही ती बोलली. हा खरेपणा बब्रुवानांना आवडला. यंत्र विकायला आलेला कुणी असता तर त्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

रोज दिवेलागणीला ते आतल्या खोलीत चिमटा लावून बसू लागले. कानात मुंग्या आल्यासारखं व्हायचं. सत्यभामाबाई उंबऱ्यात बसून तूर निवडायच्या, तूर संपली तरी बसून राहायच्या. सुरुवातीला काही फरक पडेना. मग एका संध्याकाळी बब्रुवानांच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ वर बघितलेलंच नाही. हे यंत्राचं काम, की सवयीचं, की बायकोच्या काळजीचं, ते सृष्टीच्या सरांनाही सांगता आलं नसतं. थंडी वाढली तशी दोघांची अंथरुणं आत पडली. आणि बब्रुवान चक्क झोपले.

जाग आली तेव्हा फटफटीत उजाडलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की हे आधी बायकोला सांगावं म्हणून त्यांनी शेजारी हात टाकला. अंथरूण गार होतं.

सत्यभामाबाई अंगणात खाटेवर वाकळ लपेटून बसल्या होत्या. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर धरला होता.

“अगं, बाहिर कशाला आलीस?”

त्यांनी तोंडातला पदर सोडला. मग म्हणाल्या, “तुमी झोपला, अन् म्या वर बघत बसले. मला न्हाय जमत आत. कवाच जमलं नसतं. तुमी बाहिर झोपत हुता, म्हणून मला कुनी इचारलं न्हाय.”

“मग आदी का न्हाय बोललीस?”

“दगडाखालनं काढलं तवा समदे म्हनले, वाघीण हाय. मग कसं सांगू?”

बब्रुवान खाटेच्या कडेवर बसले. दुपारपर्यंत दगडाखाली पडलेल्या बाईला भीती नाही, हे गावानं मानलं ते एकवेळ ठीक. पण आपणही मानलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. जिनं आपल्यासाठी सोसलं असं वाटत होतं, ती आपल्याच भित्रेपणाच्या आडोशाला जगत होती, आणि आज आपण तो आडोसा काढून घेतला.

“आज तू आत झोप,” ते म्हणाले. “वर बघायचं काम म्या करतो.”

मग त्यांनी सृष्टीला फोन लावला. कुंपणापलीकडं शेजारच्या कस्तुराबाई भांडी घासत होत्या. त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात बब्रुवान बोलले, “सृष्टी, काय जमलं न्हाय बघ. म्या अंगणातच हाय.” पोर हिरमुसली. यंत्र परत न्यायचं का, असं तिनं विचारलं. “न्हाय न्हाय, राहू दे. आजीला बी तपासून घे, अन् तिनं लावलेलं चालतंय का ते सरांस्नी इचार. ती संगं लावून बसल्याबिगर माझं भ्या जायाचं न्हाय.”

कस्तुराबाई हसल्या. दुपारपर्यंत हे गावभर होणार होतं. सत्यभामाबाईंनी पदर पुढं ओढला आणि त्या रडू लागल्या.