डाव्या कोपऱ्याची साखळी

शेणवे गावच्या शीतलने जयश्रीचं तोंड चिखलात दाबलं तेव्हा सराव सुरूसुद्धा झाला नव्हता. जयश्री नुकती बांधावरून खाचरात उतरत होती, "आले मी" एवढंच म्हणाली होती. शीतलने तिला मानेला धरून आडवी केली आणि पाठीवर गुडघा रोवला. चौघींनी मिळून शीतलला ओढून बाजूला काढलं. जयश्री उठली, तोंडातला चिखल थुंकली, शीतलच्या पोटात डोकं घालून तिला फरफटत नेलं आणि बांधावर आपटलं. चंद्रकलाबाई छत्री मिटून शांतपणे बघत होत्या.

"झालं? आता या दोघी शेजारी उभ्या राहतील," बाई म्हणाल्या. "डाव्या कोपऱ्यात शीतल, तिच्या अंगाला जयश्री. हातात हात."

बाकीच्या पोरी दोन पावलं मागे सरकल्या.

हा ठाण्याच्या एका खासगी सुरक्षा कंपनीचा महिला कबड्डी संघ. पोरी पगारी, खेळायचा पगार. गेल्या मोसमात त्यांचा बचाव मडक्यासारखा फुटला. दोघी दुसऱ्या संघात गेल्या, एकीचं लग्न झालं, आणि शीतलची धाकटी बहीण सारिका कायमची घरी बसली. पावसाळ्यात स्पर्धा बंद असतात. तेवढ्या काळात नवा बचाव उभा राहिला नाही तर कंपनी संघच गुंडाळणार होती. हे काम संघाच्या प्रशिक्षक, वैशाखऱ्याच्या चंद्रकलाबाईंच्या गळ्यात पडलं होतं. बाईंचा एक हट्ट होता. चिखलणी झाली की स्वतःचं एक खाचर भात न लावता तसंच ठेवायचं आणि त्यात पोरींना एकमेकींवर सोडायचं. चिखलात पडलं तर हाड मोडत नाही, म्हणून मारायला हात आखडत नाही, असा त्यांचा हिशेब. सासू गावभर सांगत फिरायची, "आमची सून भात नाय लावीत, बाया लावते."

आणि जयश्री? गेल्या अंतिम सामन्यात समोरच्या संघातून चढाईला आलेली हीच ती. सारिकाने तिची कंबर डाव्या हाताने धरली होती, सारिकाचा उजवा हात शीतलच्या हातात होता. जयश्रीने मधल्या रेषेकडे उडी मारली आणि सारिकाचा उजवा खांदा निखळला. आतलं सगळं फाटलं. ऑपरेशन झालं, पण तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. दवाखान्यात शीतल बहिणीच्या उशाशी बसून म्हणाली होती, "तिचा हात मी उखडीन सारे, बघशील तू." सारिकाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. दुखत असेल, असं शीतलला वाटलं.

त्याच जयश्रीला बाईंनी आपल्या संघात आणलं. चोराच्या हाती किल्ल्या, असं सगळ्या म्हणाल्या. बाईंचं उत्तर तयार होतं: "दर साखळी तोडून पळालीय ती. कुठं तुटते ते तिलाच ठाऊक."

जयश्री टोकावड्यापलीकडच्या आदिवासी वाडीतली. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, लहानपणी तीही जायची. शीतलच्या आळीत वाडीतल्या माणसाला अजूनही पाणी वरून ओतून देतात, आणि इथे तिचा हात तासन्‌तास धरायचा. खरं तर शीतलला जातीचं फारसं काही नव्हतं. पण रागाला निमित्त लागतं, आणि हे निमित्त आयतं होतं. तिने तेही वापरलं. "वाडीवाली" म्हटल्याशिवाय ती जयश्रीला हाक मारीना.

दिवस असे जायचे: समोरून चढाई आली की जयश्रीने तिच्या मांडीवर धडकायचं, शीतलने मागून घोटा धरायचा, आणि मधला हात सुटू द्यायचा नाही. सुटला की बाईंची निरगुडीची काठी दोघींच्याही मनगटांवर बसायची. काठी परवडली, पण शीतलची पकड नको. ती जयश्रीची बोटं अशी आवळायची की नखं काळीनिळी पडायची. घोटा धरताना मुद्दाम कोपर हाणायची. एकदा जयश्रीचा दातच पडला. तिने तो चिखलात शोधलाही नाही. रक्त गिळून परत हात पुढे केला.

जयश्रीही काही देवाची गाय नव्हती. पाऊल चुकल्यासारखं करून शीतलच्या पोटरीवर टाच मारायची, चावायची. एकदा बांधावर भाकरी खाताना शीतल पुन्हा सारिकाचं बोलू लागली, तेव्हा ती भडकली.

"मी रेषेवर पालथी पडले व्हते गो! शिट्टी पन वाजली व्हती. तुझ्या भैनीचा उजवा हात माझ्याकडं नव्हता. तो कोन खेचीत व्हतं, ते विचार की!"

शीतलने मूठ वळली आणि तिच्या नाकावर मारली. मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारताना तिचा स्वतःचा अंगठा मुरगळला. बाईंनी दोघींवर चिखलाचं पाणी ओतलं. शीतल रात्रभर अंगठा धरून कण्हत पडली, आणि जयश्री किती खोटारडी आहे हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. इतकं सांगावं का लागतंय, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

गंमत अशी की साखळी बांधली गेली, आणि कशी! द्वेषाने. दोघींपैकी एकही हात सोडायला तयार नव्हती, कारण आधी सोडणारी हरणार होती. श्रावण लागेपर्यंत त्या कोपऱ्यातून कुणी परत जाईना. बाई सासूला म्हणाल्या, "पीक आलं बघा." शीतलच्या मनात मात्र एकच होतं. चिखलात हाड मोडत नाही. मॅटवर मोडतं.

मॅट मिळाली मुरबाडला. मोसमापूर्वीचा सराव सामना, कंपनीचे साहेब खुर्च्या टाकून बसलेले. समोर रायगडचा संघ, त्यांची एक चढाईवाली रेड्यासारखी दांडगी. शेवटची चढाई तिचीच, आणि गुण बरोबरीत. ती डाव्या कोपऱ्याकडे वळली तशी जयश्री धडकली आणि तिच्या कमरेला एका हाताचा विळखा घातला. दुसरा हात शीतलच्या हातात. दांडगी रेषेकडे ओढू लागली. चिखलात पाय रुततात, मॅटवर घसरतात. जयश्री मधल्यामध्ये दोरीसारखी ताणली गेली.

"धर, शीतल! खेच!" बाई ओरडल्या.

शीतलने टाचा रोवल्या. हीच वेळ. एक हिसका दिला की काम फत्ते, आणि कुणी बोट दाखवणार नाही. उलट पाठ थोपटतील. तिने दात खाऊन हिसका दिला.

तिच्या तळहातात काहीतरी सैल झालं. जयश्री किंचाळली नाही, फक्त घशातून एक आवाज आला. त्या हाताचं वजन एकदम बदललं, आतला सांधा जागा सोडू लागला होता. हे शीतलच्या हाताला माहीत होतं. अंतिम सामन्यात सारिकाचा हात असाच सैल झाला होता, याच तळहातात. तेव्हा जयश्री रेषेवर पालथी होती, शिट्टी वाजून गेली होती, आणि शीतल खेचतच होती. साखळी सोडायची नाही म्हणून खेचत होती. आठ महिने तिने ते जयश्रीच्या नावावर घातलं होतं.

तिने हात सोडला.

दांडगी रेषेवर कोसळली. गुण गेला, सामना गेला. खुर्च्यांवरचे साहेब उठून चपला शोधू लागले.

जयश्री खांदा धरून उठली आणि उरलेल्या हाताने तिने शीतलच्या कानाखाली अशी वाजवली की छत घुमलं.

"सोडला का? सोडला का तू?"

"निखळत व्हता तुझा."

"निखळू द्यायचा व्हता! खांदा माझा, तुझ्या बापाचा व्हता? मला परत भट्टीवर धाडतेस?" तिने पुन्हा हात उगारला.

शीतल जागची हलली नाही. "सारिकाचा मीच उखडला," ती म्हणाली. "तू खरं बोललीस तवा."

उगारलेला हात थांबला. जयश्री आपलाच खांदा चोळू लागली.

"मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "घरी जाऊन सांग."

शहापूरची एसटी धरून शीतल घरी पोचली तेव्हा सारिका चुलीपुढे डाव्या हाताने भाकरी थापत होती. उजवा मांडीवर पडलेला. शीतल उंबऱ्यातच उभी राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. शिट्टी, खेच, तळहात, मुरबाडचा हिसका, सगळं.

सारिकाने आधी तव्यावरची भाकरी उतरवली. मग फुंकणी उचलली. पहिला तडाखा दंडावर बसला, दुसरा पाठीवर, मग मोजदाद राहिली नाही. जिल्हाभर जिच्या पकडीला पोरी टरकायच्या, तिने तोंडापुढे हातसुद्धा धरला नाही. आई धावत आली.

"मधी पडू नको, आये!" सारिका ओरडली. आणि मारता मारताच रडायला लागली. "मी दवाखान्यात वाट बघत व्हते गो. तू बोलशील, तू बोलशील म्हून. तर तू दुसरीचे हात उखडायच्या शपथा घेत बसलीस! मला लाज वाटत व्हती तुझी. तुझ्यावर जीव व्हता म्हून गप ऱ्हायले."

फुंकणी गळून पडली. सारिका धापा टाकत चुलीपाशी बसली. शीतलच्या ओठातून रक्त येत होतं, तिने ते पुसलं नाही.

सारिकाने डाव्या हाताने चुलीतली लाकडं आत सारली.

"जयश्रीचा हात सोडलास ना?" सारिकाने विचारलं.

"सोडला."

"मग जेव," सारिका म्हणाली, आणि अर्धी भाजलेली भाकरी तिने परत तव्यावर टाकली.