हिरवी पट्टी बांधलेल्या गृहस्थांनी

"तुम्ही कोण यांचे?" नर्सने विचारलं.

प्रश्न सोपा होता. भोंग्याने नर्सकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या डोळ्याच्या भल्यामोठ्या चित्राकडे पाहिलं. चित्रातला डोळाही उत्तराची वाट बघत होता.

"ओळखीचे आहेत," तो म्हणाला.

बाकावर वाइंडर बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा मिटलेला. कानांचं ऑपरेशन नव्हतं, त्यामुळे ते दोन्ही उघडे होते.

"बऱ्यापैकी ओळखीचे," वाइंडर नर्सला म्हणाले. "एकाच घरात राहतो आम्ही."

नर्स हसली नाही. थेंब कसे घालायचे ते तिने भोंग्याला सांगितलं, पण ओळखीच्या माणसाला सांगतात तसं, हातचं राखून. भोंग्याची कानशिलं तापली. शब्द परत घ्यायची सोय कुठल्याच खिडकीवर नसते हे चौकशी खिडकीत बसणाऱ्या माणसाला तरी माहीत असायला हवं होतं.

भोंगा बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारायचा, म्हणून भोंगा. वाइंडर जळलेल्या पंख्यांच्या मोटारींवर नवी तार भरायचे, म्हणून वाइंडर. भोंग्याचे वडील गेल्यावर काही वर्षांनी आईने वाइंडरांशी लग्न केलं आणि ती त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आली. सामानात दोन ट्रंका, एक शिलाई मशीन आणि एक मिशा फुटलेला, नोकरीला लागलेला मुलगा. त्या वयात माणूस नवे बूट घेऊ शकतो, नवा बाप नाही. "बाबा" तोंडातून निघेना. "काका" म्हणावं, तर आईच्या नवऱ्याला काका कसं म्हणणार? नुसतं "तुम्ही" म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण "तुम्ही"च्या मागोमाग आज ना उद्या हाक येतेच. तेव्हा भोंग्याने व्याकरणातून पळवाट काढली. पगार त्याला तीच भाषा बोलण्याचा मिळत होता.

"जेवून घ्यावं."

"दिवा मालवला तरी चालेल."

"आंघोळीचं पाणी तापलेलं आहे."

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, तसं. फक्त घरात प्रवासी एकच होता.

आई होती तोवर निभावून गेलं. ती दुभाषी होती. "अगं, विचार ना, भाजीत मीठ हवंय का," असं भोंगा म्हणायचा आणि दोन हातांवर बसलेल्या माणसाला आई तेच पुन्हा विचारायची. मागच्या वर्षी दुभाषी गेली. दोघे पुरुष राहिले आणि मधे मिठाची बरणी राहिली.

वाइंडरांना परग्रहावरच्या लोकांची पुस्तकं लागायची. वाचनालयात जेवढी होती तेवढी संपवून ते आता एका जाडजूड चिनी कादंबरीच्या मराठी अनुवादापर्यंत पोचले होते. ती अर्ध्यात असताना मोतीबिंदू पिकला.

"वाचून दाखवतोस का?" दवाखान्यातून आल्यावर त्यांनी विचारलं.

"वाचण्यात येईल," भोंगा म्हणाला.

त्याला वाचायचा एकच आवाज येत होता. "जलाशयावर एक यान येऊन थांबले आहे," त्याने वाचलं.

"कितव्या फलाटावर?" वाइंडरांनी विचारलं.

भोंग्याला हसू आलं. त्याने ते पुस्तकाआड घातलं.

कादंबरीत ते यान एका डोंगराळ गावाच्या पाण्यावर नुसतं तरंगत राहिलं होतं. आतून कोणी उतरत नव्हतं, काही बोलत नव्हतं. त्यांच्याशी बोलायचं, पण सुरुवात कशी करायची, म्हणून सरकारने समिती नेमली. एक गट म्हणे त्यांना पाहुणे म्हणा, दुसरा म्हणे शत्रू म्हणा. तिसऱ्या गटाचं म्हणणं, काही ठरेपर्यंत "संबंधित" म्हणावं. समितीला इमारत मिळाली, कँटीन मिळालं, अध्यक्ष निवृत्त होऊन त्यांच्या जागी त्यांचाच जावई आला. यान तिथेच.

"इतकी वर्षं कुणी हाकच मारली नाही?" वाइंडर म्हणाले.

"चर्चा चालू आहे."

"आतले कंटाळले असतील रे." ते उशीवर जरा सरकले. "पण कमाल आहे. चिनी लोकसुद्धा आपल्यासारखेच."

आपल्यासारखेच म्हणजे नेमकं कुणासारखे, हे भोंग्याने विचारलं नाही. त्याने पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली गेली आणि समितीचा अध्यक्ष मेला तो कशाने, हे कधीच कळलं नाही.

"बरं," वाइंडर म्हणाले, "उद्या तपासणी झाली की मी पुतणीकडे जाईन म्हणतो. थेंब ती घालेल."

"परत येणं कधी होईल?"

"बघू. खोली रिकामी आहे म्हणते. पंखे तिकडेही जळतात." मग म्हणाले, "तुला तरी किती तसदी द्यायची? नुसत्या ओळखीवर."

हे त्यांनी टोमणा मारल्यासारखं म्हटलं असतं तर भोंग्याने ते सोसलं असतं. पण ते साध्या आवाजात म्हणाले, हिशेब चुकला होता तो दुरुस्त केल्यासारखे.

थांबा. दोन अक्षरं आणि एक अनुस्वार. भोंग्याने तोंड उघडलं.

"थांबायला हरकत नाही," तो म्हणाला.

"हो," वाइंडर म्हणाले. "हरकत नाही, हे खरंच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा पाहिला, छान आहे म्हणाले आणि तीच हिरवी पट्टी पुन्हा बांधून दिली. भोंग्याने त्यांना बस स्थानकावर आणलं. पिशवीत कपडे, थेंब आणि कादंबरी. फलाटावरच्या बाकाकडे बोट दाखवून "इथे बसता येईल" असं म्हणून तो कामावर रुजू झाला.

खिडकीतून तो बाक दिसत नव्हता. मधे दंतमंजनाची जाहिरात होती आणि तिच्यातला माणूस विनाकारण हसत होता. त्या माणसाकडे बघता बघता भोंग्याला सुचलं. समोर बसून जमत नाही, पण माइकवर त्याला कधी काही अडलेलं नव्हतं. चुकलेल्या माणसांसाठीची घोषणा तर तोंडपाठ होती. त्याने बटण दाबलं.

"डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या गृहस्थांनी चौकशी खिडकीजवळ यावे. त्यांचे नातेवाईक त्यांची वाट पाहत आहेत."

नातेवाईक! बोलून गेला होता तो. सगळ्या स्थानकाने ऐकलं होतं. क्षणभर त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग ते आले.

त्या आठवड्यात दवाखान्याने बरेच डोळे केले असावेत. पहिला काठी टेकत आला. दुसरा बायकोचा हात धरून आला. एकाचा डावा डोळा, एकाचा उजवा, आणि एकाचे दोन्ही बांधलेले, तो पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आला. खिडकीसमोर रांगच लागली.

"कोण आलंय? धाकटा का?"

"मी म्हटलंच हिला, जावई घ्यायला येणार म्हणून!"

"आमचं कोणी येईलसं वाटलं नव्हतं हो," ज्याचे दोन्ही डोळे बांधलेले होते तो म्हणाला.

त्यांत वाइंडर नव्हते.

भोंगा मागच्या दाराने धावला. पुतणीच्या गावाची गाडी सुरू होऊन थरथरत होती. वाइंडर खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन.

"पुकारलेलं ऐकू आलं नाही का?"

"आलं की. कुणाचे तरी नातेवाईक आलेत म्हणे."

भोंग्याने खिडकीचा गज धरला.

"तुम्ही उतरा," तो म्हणाला.

वाइंडरांनी मान वळवून मागे पाहिलं. मागच्या सीटवर एक बाई झोपल्या होत्या.

"कुणाला म्हणतोयस?"

"तुम्हाला."

पट्टीखालून पाणी गालावर आलं. ऑपरेशननंतर येतं, असं नर्सने सांगितलं होतं. त्यांनी रुमालाने ते टिपलं, डोळ्याला धक्का न लावता.

"पुतणी स्टँडवर येऊन उभी राहणार आहे," ते म्हणाले. "शब्द दिलाय तिला."

"आणि पुस्तक? शेवट राहिलाय."

"तिची मुलगी वाचून दाखवेल. चांगलं वाचते म्हणे." घंटी वाजली. "काय झालं ते कळवीन."

"कळवा," भोंगा म्हणाला. "तुम्ही कळवा. तुम्ही पोचलात की..." गाडीने धूर सोडला आणि बाकीचे सगळे "तुम्ही" त्यात गेले.

तो परत आला तेव्हा रांग तशीच होती, उलट एक जण वाढला होता.

"आता सांगा हो, कोण आलंय आमचं?" काठीवाल्याने विचारलं.

"तुमचं कोणी आलेलं नाही, बाबा. माझी चूक झाली." मग त्याने विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय?"

"बाबा" आणि "तुम्ही", दोन्ही शब्द एका दमात आले. काही अडलं नाही, खरखरसुद्धा नाही.

काठीवाल्याने गावाचं नाव सांगितलं. ते पुतणीचंच गाव होतं.

"ती गाडी आत्ताच सुटली," भोंगा म्हणाला. "आता संध्याकाळी आहे."

"अरेरे. तुम्ही पुकारलंत म्हणून उठलो हो मी."

भोंग्याने केबिनचं दार उघडलं, त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. पुढची गाडी त्याने उभ्यानेच पुकारली.