मोगरीनं उघडलेली बॅट

तोताराम मास्तर म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दळण टाकलं की चक्कीवाल्याच्या डोक्यावर उभे राहणार, भात चुलीवर रटरटत असतानाच ताटावर येऊन बसणार. आणि नेमक्या अशाच माणसाच्या हातात ती अमेरिकेची बॅट पडावी! दैवसुद्धा माणूस हेरून खोडी काढतं, दुसरं काय म्हणायचं?

शहाण्णव साल होतं. मास्तर पारोळ्याच्या शाळेत खेळ शिकवायचे आणि मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ जिवापाड सांभाळायचे. गावचा एक जावई अमेरिकेत नोकरीला होता. सासरी आला तेव्हा त्यानं मुलींसाठी एक बॅट आणली. लाकडाची नाही, अल्युमिनियमचीही नाही. काळीभोर, आतून पोकळ, कार्बनचे कापडासारखे थर एकावर एक चिकटवून केलेली. मुलींनी ती हातोहात फिरवली, कोणी वास घेतला, कोणी गालाला लावून पाहिली.

"मास्तर, लगेच खेळायला काढू नका हं," जावई म्हणाला. "आधी ती उघडावी लागते. काही दिवस हलक्या हातानं चेंडू मारायचे, दर वेळी बॅट जराशी फिरवायची. थर आपापले मोकळे होतात. बडवून उघडली तर आतून तुटतात. मग चेंडू असा सुटतो की समोरच्याला हात वर करायलासुद्धा सवड मिळत नाही. आमच्याकडे अशी बॅट सापडली तर पंच बाहेर काढतात."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांच्या कानात शिरलं ते एवढंच, की चेंडू सुटतो.

कारण रविवारी जळगावला अंतिम सामना होता, आणि समोर धुळ्याच्या मुली. धुळेकरांनी दर वर्षी मास्तरांच्या तोंडचा घास पळवलेला. यंदा संघ तयार होता. चेंडू टाकायला मास्तरांची स्वतःची लेक चारुशीला होती. हात असा चक्राकार फिरवायची की समोरचीला चेंडू कधी आला ते कळायचं नाही. राहिली होती ती फक्त बॅट, आणि हातात दिवस उरले नव्हते.

आता क्रिकेटची नवी बॅट आपल्याकडे कशी तयार करतात? जवसाचं तेल चोळायचं आणि लाकडी मोगरीनं ठोकायची. सगळा खान्देश असाच ठोकत आला. मास्तरांनी विचार केला, बॅट ती बॅट, अमेरिकेची म्हणून काय तिला सोन्याचं पाणी दिलंय? त्यांनी भर दुपारी परसातल्या धुण्याच्या दगडावर गोणपाट अंथरलं, बॅटला तेल चोपडलं आणि बायकोची कपडे बडवायची मोगरी उचलली.

"मनी मोगरी शे ती!" प्रमिलाबाई आतून ओरडल्या. मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुरुवातीला आवाज टणक यायचा. उन्हं कलली तसा तो बसका होत गेला, सर्दी झालेल्या माणसाच्या घशासारखा. मध्येच आतून कर्रकन काहीतरी वाजलं. मास्तर थबकले. त्यांनी बॅट कानाशी धरून हलवली, बोटानं चाचपली. मग स्वतःशीच म्हणाले, "झाली मोकळी." आणि पुन्हा ठोकायला लागले.

दुसऱ्या दिवशी सरावाला रुक्मा नावाच्या दणकट पोरीनं ती बॅट घेतली. चारूनं चेंडू टाकला. ढप्प! चेंडू थेट मैदानापलीकडच्या किल्ल्याच्या खंदकात. मुलींनी आनंदानं नुसता गलका केला. मास्तर तर लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते. पुढचा चेंडू मात्र वर गेला नाही. सरळ आला आणि चारूच्या कानाला वारा घालून गेला. तो मागच्या भिंतीवर आपटला, तेव्हा कुठे तिचा हात वर आला. ती कानावर हात ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिली.

"माले भेव वाटस, नाना," घरी आल्यावर ती म्हणाली. "ती बॅट मना समोर नको."

"येडी का तू? बॅट आपली, मारणार आपल्या पोरी. भ्यायचं ते धुळ्याच्या पोरीनं."

प्रमिलाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "ती बी कोनी तरी पोर शे ना?"

"खेळात लागतंच," मास्तर म्हणाले आणि उठून गेले. बॅटच्या पोटावर केसाएवढी बारीक चीर पडली होती. ती त्यांनी कोणाला दाखवली नाही. वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रविवारी जळगावचं मैदान तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. तिथं पोचल्यावर मास्तरांना एक गोष्ट आठवली. आपल्या भागात खेळाचं सामान कायम तुटपुंजं. म्हणून रीतच पडून गेली होती, दोन्ही संघांच्या बॅटी एका ताडपत्रीवर ठेवायच्या, आणि जिला जी आवडेल ती तिनं उचलायची. बॅट नाकारणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी नाकारणं. घाईत मास्तरांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं! त्यांनी ती बॅट ताडपत्रीच्या अगदी कडेला, गोणपाटाखाली सरकवली.

पण धावा निघेनात, तेव्हा रुक्माला ती काढावीच लागली. तिनं असे काही फटके मारले की धुळ्याच्या एका पोरीचा हातमोजा उडाला आणि ती बोटं काखेत दाबून रडत खाली बसली. पारोळ्याची बाजू वर गेली. मास्तरांना हसू येत होतं आणि त्या पोरीकडे बघवतही नव्हतं.

शेवटच्या डावात धुळ्याची एक उंच मुलगी खेळायला आली. ती ताडपत्रीपाशी गेली, गोणपाट बाजूला केलं आणि काळी बॅट उचलली.

"तोताराम भाऊ, तुमचीच बॅट आज तुमच्यावर उलटणार बघा!" धुळ्याचे भाईदास सर हसत ओरडले.

मास्तरांनी पंचांकडे पाहिलं. पंचांना एक शब्द सांगायचा, बस. बॅट फुटकी आहे, बाहेर काढा. पण मग पंच विचारणार, फुटकी होती तर तुम्ही कशी खेळलात? मारलेले फटके जाणार, सामना जाणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तीन मुली बाद करायच्या होत्या, त्यातली एकच उरली होती. एवढी एक गेली की सुटलो!

चारूनं बॅट पाहिली. मग तिनं वडिलांकडे पाहिलं. ती वाट बघत होती, नाना काहीतरी बोलतील म्हणून. मास्तरांनी खाली बघत हातानं खूण केली, टाक.

पहिला चेंडू उंच पोरीच्या बॅटला लागलाच नाही. दुसरा लागला. ढप्प! चेंडू तिरका, रेषेबाहेर सुटला आणि कुंपणाच्या पत्र्यावर असा वाजला की पाठीमागे उसाचा रस पीत बसलेली माणसं उठून उभी राहिली. पत्र्याला खळगा पडला होता. मास्तर त्या खळग्याकडे बघत राहिले. मरो तो सामना! मरो ते गाव!

तोवर पुढच्या चेंडूसाठी चारूचा हात फिरायला लागला होता.

"चारू!" मास्तर जीव खाऊन ओरडले. "चारू, थांब!"

चेंडू तिच्या हातातून सुटला आणि बापाची हाक ऐकून तिनं मान वळवली. ती समोर बघत असती तर कदाचित वाकली असती, हातमोजा तरी आडवा घातला असता. पण ती नानांकडे बघत होती.

रिक्षा सिव्हिल हॉस्पिटलकडे धावत होती. चारूचं डोकं मास्तरांच्या मांडीवर होतं, डाव्या डोळ्यावर ओला टॉवेल, आणि तो लाल होत चाललेला. ती रडत नव्हती. बराच वेळ गेल्यावर तिनं दुसरा डोळा उघडला.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही माले काय सांगत व्हतात?"