लाख वातींचा भागाकार

इस्पितळातून घरी आल्या त्याच दिवशी आनंदीबाई देवाला लाख वाती बोलून बसल्या. बोलायला काय जातं? अर्धांगवायूने उजवा हात गेलेला, तेव्हा वळायचं आलं तिघी लेकींवर. थोरली छाया खालापूरला शाळेत गणित शिकवायची. गोदा आणि अक्षदा कर्जतच्या आसपासच दिलेल्या. तिघींचं आपसात पटत नसे, म्हणून म्हातारीने अट घातली: पुण्य सारखं, तर वातीही सारख्याच.

"लाखाला तिनाने भाग नाय जात, आये," छाया म्हणाली. "एक उरते."

"मग दहा लाख कर."

"कितीबी शून्यं वाढव. एक उरतेच."

म्हातारीला पटेना. छायाने दहा, शंभर, हजार असे एकेक भागून दाखवले. प्रत्येक वेळी एक उरला. म्हातारी हसली.

"मग ती उरलेली माजी. ती मी वळीन."

छायाचं डोकं फिरलं. खरं तर त्या लुळ्या हाताची आशा तिला बघवत नव्हती, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "त्यापरीस एक कमी कर ना. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. तुजी वात नसली की कसा स्वच्छ भाग जातो बघ."

म्हातारीने कापसाचा एवढासा पुंजका उशाशी ठेवून घेतला.

दसऱ्यापर्यंत तिघींच्या पिशव्या भरल्या. म्हातारीची एक वात काही होईना. डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरायची, कापूस घासायची, तो तुटायचा. गोदा मदतीला गेली की म्हणायची, "हात नको लावू गं." छाया दर रविवारी यायची ती माफी मागायचं ठरवून. आली की औषधांची चौकशी करायची आणि परत जायची.

वाती जाळायची ती त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर आली आणि म्हातारी गेली. मुठीत कापूस होता, अर्धा पिळलेला. गोदाने तो देव्हाऱ्यात ठेवला.

पौर्णिमा सुतकात गेली. तेरावं झाल्यावर तिघी गावच्या शंकराच्या देवळात बसल्या. परातीत तुपात भिजलेल्या वातींचा ढीग होता. गोदाने तो कापूस काढला. "मी वळते. लाख पुरे होतील."

"कशाला?" अक्षदा म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. "ताईच बोलली होती ना, आयेची वात नसली की भाग सारखा जातो. हायेत तेवढ्याच जाळू."

छायाने गोदाच्या हातातून तो पुंजका घेतला आणि न वळता, होता तसाच ढिगावर ठेवला.

"नाय," ती म्हणाली. "एक उरायलाच पायजे."

काडी लावली तशा बाकीच्या वाती भराभर पेटल्या. हा कोरडा पुंजका तुपावाचून जळून काळा पडू लागला. छाया रडत रडत पळीने त्याच्यावर तूप घालत राहिली. हात भाजतोय, असं गोदा म्हणाली, पण ती उठली नाही.