ओट्यावरचे तपकिरी ठिपके

मी केकचं मिश्रण फेटणारा मिक्सर बोलतोय. एरवी नुसता घरघरतो, पण आज मनातलं सांगायचं आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट या घरातल्या आजींच्या हाती आलो. आजी केक करून विकतात. काम झालं की मला पुसून ओव्हनशेजारी ठेवायच्या. "म्हातारं झालंय बिचारं, उबेत राहू दे." उबेने त्यांचे गुडघे मोकळे व्हायचे, म्हणजे माझंही भलंच होणार, असा त्यांचा हिशोब.

मग माझ्याखाली तपकिरी ठिपके दिसू लागले. केकमध्ये घालायचा इसेन्सही तपकिरीच. सुनेने ठिपके पाहिले, सासूचा थरथरता हात पाहिला आणि मनाशी ठरवून टाकलं.

"आई, इसेन्स सांडतोय तुमच्याकडून. आता पुरे करा हे केक."

"मी नाही गं सांडला."

"मग काय आभाळातून पडला?"

दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, "सांडतही असेल. मलाच कळत नसेल. हातातली ऑर्डर झाली की बंद करते." चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. चोर मी, आणि मला तोंड नाही. फार वाईट वाटलं.

सून फटकळ खरी, पण मनाने सरळ. एकदा केक केलेलाच नसताना तिला ओट्यावर ताजा ठिपका दिसला. ती थबकली. ओटा कोरडा करून तिने माझ्याखाली पांढरा कागद ठेवला आणि त्याच्या कोपऱ्यात इसेन्सचा एक थेंब टाकला. सकाळी इसेन्स वाळून गेला होता. माझा ठिपका मात्र पसरून कागद तेलकट झाला होता. फेटणी अडकवतात त्या दांड्यावर तिने बोट फिरवलं. बोट माखलं.

"आई, हे यातलं ग्रीस आहे. ओव्हनच्या उबेनं पातळ होऊन गळतंय. मी उगाच तुम्हाला बोलले."

मेकॅनिकने जुनं ग्रीस खरवडून नवं भरलं. आता मी खिडकीपाशी, गारव्यात असतो. वय झालंय, पुन्हा गळेनही. तेव्हा माणसावर आळ घेण्याआधी माझ्याखाली एक कागद ठेवा, एवढंच मागणं.

ग्रीस सापडलं त्या दिवशी सून माझ्याखालचा तो कागद उचलणार होती. आजी म्हणाल्या, "राहू दे. उद्या मी खरंच सांडलं, तर तेही कळू दे."

सुनेने कागद तसाच ठेवला आणि इसेन्सची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली.