मेट्रन पॅरींच्या कमरेचं बक्कल

चांदीचा असलो तरी मी दागिना नव्हे. मी आहे नर्सच्या कमरपट्ट्याचं बक्कल. आज तोंड उघडतोय, कारण माझ्या मालकिणीची गोष्ट जो तो कौतुकाने सांगतो आणि सांगताना तिच्यातलं एक माणूस हमखास गाळतो.

बर्मिंगहॅमच्या एका चांदीकाम करणाऱ्याच्या दुकानात मी घडलो. दोन अर्धी पानं, मधोमध एक अडकवण, वर वेलबुट्टी. आमच्याकडे पोरगी नर्सची परीक्षा पास झाली की घरचे तिला बक्कल घेऊन देतात. तेगवेन पॅरी लिव्हरपूलला पास झाली तेव्हा तिच्या वडिलांनी मला आणलं. उत्तर वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या खाणीत राबून त्यांच्या छातीत धूळ भरली होती. मला तिच्या हातावर ठेवताना खोकला आवरेना.

"घे गं पोरी," ते म्हणाले. "पाठ ताठ ठेव. वाकायचं ते फक्त आजाऱ्याच्या खाटेवर."

तिने तसंच केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत शहरावर बॉम्ब पडत होते, छताची माती खाटांवर सांडत होती, तेव्हाही ती वॉर्डातून हलली नाही. कमरेवर असल्यामुळे मला तिचा श्वास कळायचा. तो कधी चुकला नाही. अशी बाई पुढे मोठ्या पदाला चढली यात नवल नव्हतं. लढाई संपल्यावर ती वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका मुलांच्या इस्पितळाची मेट्रन, म्हणजे तिथल्या साऱ्या नर्सेसची प्रमुख, झाली.

हाडांचा क्षय झालेली पोरं तिथे यायची. महिनोन् महिने लोखंडी चौकटीला बांधून, समुद्राच्या वाऱ्यात, उघड्या व्हरांड्यात निजायची. नियम कडक होते. आईबापांनी महिन्यातून एकदाच भेटायचं, कारण भेट झाली की पोरं रडून ताप आणतात. वॉर्डात बोलायचं ते इंग्रजीतच, कारण डॉक्टरांना वेल्श येत नाही. तेगवेनबाईंची स्वतःची मायबोली वेल्श, पण वॉर्डात तीही ओठांवर येऊ द्यायच्या नाहीत. पाहुणे यायचे, सगळीकडे शांतता बघून म्हणायचे, "वा मेट्रन, काय शिस्त आहे!" मग बाई माझ्यावर रुमाल फिरवायच्या. मलाही फार अभिमान वाटायचा.

नेरिस प्यू आली ती चार वर्षांची. डोंगरातल्या मेंढपाळाची लेक, कंबरेच्या सांध्यात क्षय. आल्या आल्या आठवडाभर आईला "माम, माम" हाका मारून घसा बसवून घेतला तिने. मग गप्प झाली. "रुळली," सिस्टर म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

त्या हिवाळ्यात बर्फाने डोंगरातले रस्ते बुजले. नेरिसच्या आईच्या भेटी एकामागून एक हुकल्या. शेवटी वसंतात ती आली. हाना प्यू. अंगावर चर्चला जायचा काळा कोट, कडेला टोपली, टोपलीत घरचं लोणी, मनुका घातलेला पाव आणि विणलेले मोजे. ती जवळजवळ धावतच खाटेशी गेली.

"माझी चिमणी ती! केवढी झालीस गं! आपल्या काळ्या मेंढीला जुळं झालंय, सांगू का तुला?"

नेरिसने तिच्याकडे पाहिलं. मग चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंना स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "मेट्रन, या बाई कोण? काय बोलतात? मला कळत नाही."

माझ्याखाली बाईंचा श्वास थांबला.

हानाला इंग्रजीचा गंध नव्हता. ती हसऱ्या तोंडाने बाईंकडे वळली. "काय म्हणाली हो ती? तुम्ही आमच्यातल्याच ना? सांगा की."

बाईंनी नेरिसची चादर सारखी केली.

"सांगा ना, मेट्रनबाई."

"ती म्हणते..." त्या वॉर्डात बाई वेल्शमध्ये बोलल्या. "ती म्हणते, तिला तुमचं बोलणं कळत नाही."

टोपली फरशीवर पडली. हाना पोरीकडे बघत राहिली, मग बाईंकडे. "माझ्या पोटच्या पोरीशी बोलायला मला मधे माणूस लागतो? काय केलंत हो तुम्ही तिचं?"

तिने ना शिवी दिली ना शाप. मोजे तेवढे उचलून खाटेच्या पायाशी ठेवले आणि उलट्या पावली निघाली. नेरिस रडलीसुद्धा नाही. त्या वॉर्डात कोणीच रडत नव्हतं. इतकी वर्षं जिला आम्ही शिस्त म्हणत होतो ती शांतता त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा ऐकू आली.

दुसऱ्या सकाळी बाई मुख्य डॉक्टर लँगफर्ड यांच्यासमोर उभ्या होत्या.

"आजपासून पोरांच्या आया रोज भेटायला येतील. आणि वॉर्डात वेल्श बोलणाऱ्या नर्स मुली हव्यात मला."

"मेट्रन, माझ्या इस्पितळाची जत्रा करायचीय का तुम्हाला? पोरं रडून गोंधळ घालतील."

"घालू देत."

"ठीक आहे. इस्पितळाच्या समितीपुढे सांगा हे. आणि पुढची नोकरीही शोधून ठेवा."

समितीपुढे बाई एकट्या गेल्या नाहीत. आदल्या दिवशी त्या डोंगर चढून प्यूंच्या घरी गेल्या होत्या. हानाने दार उघडलं, पण आत घेतलं नाही. बाईंनी दारातच काय हवंय ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येते. तुमच्यासाठी नव्हे."

लांब टेबलाशी बसलेल्या साहेबांसमोर हाना उभी राहिली आणि बोलू लागली. आपल्या भाषेत, थांबत, कोटाचं बटण पिळत. अध्यक्ष वैतागले.

"मेट्रन, या बाईचं आम्हाला अक्षर कळत नाही. सांगा आम्हाला इंग्रजीत."

"नाही सांगणार."

"म्हणजे?"

"तुम्हाला कळत नाही ना, साहेब? तिच्या लेकीलाही कळत नाही."

मी गारठलो. असं कोणी त्या खोलीत बोललं नसेल. अध्यक्षांचा चेहरा लालभडक झाला. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेले वयस्कर दगडव्यापारी खुर्ची सरकवून उठले. समितीत ते कायम इंग्रजीतच बोलायचे. हानाला ते वेल्शमध्ये म्हणाले, "बस बाई. दमलीस. मी सांगतो यांना." आणि अक्षरन् अक्षर सांगितलं त्यांनी, डोळे पुसत.

त्या उन्हाळ्यापासून आया रोज येऊ लागल्या. वॉर्डात असा काही गलका सुरू झाला की सिस्टर कानावर हात ठेवायची. बाईंची नोकरी तर राहिलीच, पुढे त्या साऱ्या परगण्याच्या मुख्य परिचारिका झाल्या. दुसऱ्या इस्पितळांनी त्यांचं बघून दारं उघडली. पदक मिळालं, भाषणं झाली.

निवृत्तीच्या समारंभात चहाच्या टेबलाशी एक पांढऱ्या केसांची बाई आली. मी ओळखलं. हाना. मागे काठी टेकत एक तरुण शिक्षिका, नेरिस.

"बरी आहे का हो ती?" बाईंनी हळूच विचारलं.

"चालते. वेल्शही शिकली पुन्हा, पुस्तकातून. चांगली बोलते." हाना थांबली. "पण माझ्याशी बोलते ती परक्या घरी पाहुणी आल्यासारखी. अजून."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. "मी... काय बोलू, हाना?"

"मला काही नको. मी माफही केलेलं नाही. पण नर्स होणाऱ्या नव्या पोरींना शिकवायला जाता ना, त्यांना हे सांगत जा. नुसतं दारं उघडली ते नको. कोणी लावून घेतली होती तेही सांगा."

मरेपर्यंत बाईंनी ते सांगितलं. दर वर्गात, उभं राहून, स्वतःचं नाव घेऊन. पुढच्या बाकावरच्या पोरींचे चेहरे पांढरेफटक पडताना मी पाहिलेत.

आता बाई नाहीत. मी त्यांच्या नातीकडे, म्हणजे भावाच्या नातीकडे, लेय्कीकडे असतो. तीही नर्स आहे, पण हल्लीच्या गणवेशाला पट्टा नसतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती मला जीन्सवर लावून फिरते. पहिल्यांदा तर मी शरमेने मेलोच होतो! परवा ती मला घेऊन त्या जुन्या इस्पितळाशी गेली. तिथे आता बाईंच्या नावाची पाटी लागली आहे. 'मुलांसाठी दारं उघडणारी मेट्रन.' लेय्की अभिमानाने वाचत होती. मी मात्र हबकलो. पाटी एवढी मोठी, आणि त्या पोरीचं नाव कुठेच नाही.

मला बोलता येतंय तोवर एवढंच मागतो. माझ्या बाईंना थोर म्हणा, हरकत नाही. पण त्यांची गोष्ट सांगाल तेव्हा नेरिस प्यूचं नाव आधी घ्या.